वाघ आणि गवा : एक अपुरे गणित

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील दोन विद्यार्थ्यांनी एक पैज लावली आणि निवाड्यासाठी ते माझ्याकडे आले. एक चंद्रपूरकडचा, त्याचे घर ताडोबाच्या जंगलापासून फार लांब नाही. दुसरा कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीचा. एवढे सांगितल्यावर पैजेचा विषय तुम्ही ओळखलाच असेल. वाघ आणि गवा यांची झुंज लागली तर जिंकेल कोण? चंद्रपूरकर अर्थातच वाघाच्या बाजूचा आणि राधानगरीकर गव्याच्या. हरणाऱ्याने मिसळ द्यायची. “सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता ना? मग आकडे मांडून सांगा,” असा दोघांचाही आग्रह.

मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. परंतु आकडे मांडून पाहण्याचा मोह मात्र मला आवरला नाही. तुम्हीही कागद-पेन्सिल घेऊन बसा. नववी-दहावीचे पदार्थविज्ञान या कामाला पुरेसे आहे.

प्रथम दोघांची ओळख करून घेऊ. गव्याला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी गवारेडा म्हणतात आणि इंग्रज शिकारी त्याला बायसन म्हणत. खरे म्हणजे तो रेडाही नव्हे आणि बायसनही नव्हे. तो आपल्या गाय-बैलांचाच रानटी भाऊबंद आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ७०० ते १,००० किलोग्रॅम भरते आणि त्याचा खांदा उंच माणसाच्या डोक्याला लागतो. पाठीवर खांद्यापासून निघालेला स्नायूंचा उंचवटा, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आणि वर वळलेली जाड शिंगे. दाजीपूरच्या जंगलात तुम्ही तो पाहिला असेल, तर ‘बैलासारखा दिसतो’ असे म्हणण्याचे धाडस तुम्हाला पुन्हा होणार नाही.

वाघाचा नर साधारण २०० किलोग्रॅमचा. म्हणजे गव्याच्या पाव हिश्श्याचा. त्याची हत्यारे निराळी : सहा-सात सेंटिमीटर लांबीचे सुळे, मांजरीप्रमाणे म्यानात ओढून घेता येणारी आणि म्हणूनच धार टिकवणारी नखे, मऊ गादीचे पंजे.

आता गणित. गव्याचे वस्तुमान ८०० किलोग्रॅम धरू आणि तो सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने चाल करून येत आहे असे समजू. वाघाचे वस्तुमान २०० किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला १५ मीटर. दोघे समोरासमोर येऊन धडकले. वेगाचे हे आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. तुम्ही ते थोडेफार बदलून पाहा, निष्कर्ष बदलणार नाही.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गव्याचा संवेग ८००×१०, म्हणजे ८,००० एकके. वाघाचा २००×१५, म्हणजे ३,००० एकके, तोही उलट दिशेने. दोघे एकमेकांना चिकटून पुढे गेले असे धरले तर उरलेला संवेग ५,००० आणि एकूण वस्तुमान १,००० किलोग्रॅम. म्हणून टकरीनंतरचा वेग सेकंदाला ५ मीटर, आणि तो गव्याच्या दिशेने! गव्याचा वेग १० वरून ५ वर आला, म्हणजे त्याला पाचाचा धक्का बसला. वाघ मात्र एका दिशेने १५ च्या वेगाने येत होता, तो उलट दिशेने ५ च्या वेगाने फेकला गेला. त्याला धक्का बसला वीसाचा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवरील बल सारखेच असते, परंतु चौपट हलक्या प्राण्याला त्याच बलाने चौपट हिसका बसतो.

या टकरीत ऊर्जा किती खर्ची पडली तेही पाहू. टकरीपूर्वी गव्याची गतिज ऊर्जा ४०,००० जूल व वाघाची २२,५००, मिळून ६२,५००. टकरीनंतर उरली १२,५००. मधले ५०,००० जूल हाडे मोडण्यात, मांस चेचण्यात आणि आवाजात गेले. ५०० किलोग्रॅमचा धोंडा तीन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडला तर जमिनीवर जेवढी ऊर्जा आदळेल तेवढी ही ऊर्जा आहे.

(येथे एक गंमत सांगतो. चमचाभर साखरेत याहून अधिक ऊर्जा असते. हिशोब करून पाहा : ४ ग्रॅम साखर म्हणजे सुमारे १६ किलोकॅलरी, आणि एक किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ ४,२०० जूल. तरीही साखर खाऊन कोणाची हाडे मोडत नाहीत. ऊर्जा किती, एवढ्यावरच सारे ठरत नाही. ती किती वेळात आणि किती जागेवर दिली जाते हे पाहावे लागते.)

गणित येथवर आले तेव्हा राधानगरीकराचा चेहरा उजळला. मिसळीची ऑर्डर द्यायला तो उठलाच. पण चंद्रपूरकराने एक चांगला प्रश्न विचारला. “पण सर, वाघ समोरून धडक कशाला घेईल?”

हाच खरा मुद्दा आहे. वाघ समोरून येत नाही. तो दबा धरून, गवताच्या आणि झुडपांच्या आडून, शक्य तितका जवळ सरकतो आणि बहुधा बाजूने किंवा मागून झेप घेतो. समजा, तो २० मीटरवर आला आणि तेथून निघाला. सरासरी वेग सेकंदाला १० मीटर धरला तर गव्यापर्यंत पोचायला त्याला २ सेकंद लागतील. तोपर्यंत गवा चरत उभा आहे. त्याचा वेग शून्य. म्हणून त्याचा संवेगही शून्य! आपण मघाशी त्याच्या खात्यावर लिहिलेले ते ८,००० कोठे आहेत? ते अजून जमा व्हायचे आहेत. ८०० किलोग्रॅमचा देह सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद या त्वरणाने वेग घेऊ लागला तरी १० चा वेग गाठायला त्याला तीन सेकंदांहून अधिक वेळ आणि १७ मीटर धाव लागेल. शिवाय त्याआधी त्याने मान वर केली पाहिजे, वाघ कोठे आहे ते पाहिले पाहिजे, आणि एवढे मोठे धूड वळवले पाहिजे. गव्याचे हत्यार जबरदस्त आहे, पण ते ठासणीच्या बंदुकीसारखे आहे. भरायला वेळ लागतो. वाघ त्याला तो वेळच देत नाही.

आता वाघाच्या हत्याराकडे वळू. कवटीच्या आणि जबड्याच्या मापांवरून शास्त्रज्ञांनी वाघाच्या चाव्याचे बल काढले आहे. सुळ्यांपाशी ते सुमारे १,५०० न्यूटन येते. १५० किलोग्रॅमचे ओझे ठेवल्यासारखे हे बल. ८०० किलोग्रॅमच्या प्राण्यापुढे ते काहीच नव्हे असे वाटेल. परंतु हे बल दोन सुळ्यांच्या टोकांवर एकवटते. एका टोकाचे क्षेत्रफळ २ चौरस मिलिमीटर आणि त्यावर ७५० न्यूटन बल धरा. दाब येतो ३७ कोटी ५० लाख पास्कल. हवेच्या दाबाच्या पावणेचार हजार पट! कातडे फाटायला एक ते तीन कोटी पास्कलचा ताण पुरतो. गव्याचे कातडे कितीही जाड असले तरी सुळा त्यात शिरणारच.

आणि गव्याचे शिंग? त्याचे टोक सुळ्याच्या मानाने बोथट, एक चौरस सेंटिमीटरचे धरू. पाठीमागे झाड किंवा खडक असलेल्या वाघावर गवा सेकंदाला ५ मीटर वेगाने आदळला आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबला, तर बल होते ८००×५ भागिले ०.१, म्हणजे ४०,००० न्यूटन. ते एक चौरस सेंटिमीटरवर आले तर दाब ४० कोटी पास्कल! उत्तर आल्यावर मी स्वतःच चकित झालो आणि गणित पुन्हा तपासले. एकाने बल लहान ठेवून क्षेत्रफळ अगदी लहान केले. दुसऱ्याने क्षेत्रफळ मोठे असूनही बल प्रचंड केले. दोघे जवळजवळ एकाच दाबाला येऊन पोचले. माझे आकडे ढोबळ आहेत, ते इतके नेमके जुळणे हा योगायोगच. पण दोन अगदी निराळी हत्यारे एकाच पातळीवर येतात हे मात्र खरे.

घरी एक प्रयोग करून पाहा. अंगाच्या साबणाची वडी घ्या. तिच्यावर एकदा दाभण आणि एकदा पेन्सिलीचा बोथट शेवट उभा धरा आणि वरून पुस्तकांचा गठ्ठा सावकाश टेकवा. दाभण किती पुस्तकांनी आत जाते आणि पेन्सिलीला तेवढेच खोल जायला किती पुस्तके लागतात, ते मोजा. (दाभणाच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवायला विसरू नका, नाहीतर दाभण पुस्तकातच शिरेल आणि घरच्यांची बोलणी खावी लागतील.)

नुसते कातडे फाडून मात्र वाघाचे काम होत नाही. गव्याच्या अंगावर दहा ठिकाणी सुळे रोवले तरी तो वाघाला झटकून टाकील. म्हणून वाघ मोठ्या जनावराचा गळा धरतो, आणि तोही बहुधा खालच्या बाजूने. तेथे शिंगे पोचत नाहीत. पुढच्या पंज्यांनी खांदा आणि तोंड पकडून तो मान पिरगाळतो. घट्ट बसलेला नट सोडवताना आपण लांब दांड्याचा पाना का घेतो ते आठवा. लांब मानेच्या टोकाला लटकलेले २०० किलोग्रॅमचे ओझे याच तरफेच्या तत्त्वाने चौपट वजनाच्या जनावराचा तोल घालवू शकते. जनावर एकदा कोसळले की वाघ काही मिनिटे श्वासनलिका दाबून धरून ठेवतो. येथे प्रचंड बलाची जरुरी नाही. जरुरी आहे ती पकड न सोडण्याची.

हे सारे कागदावरचे झाले. जंगलात काय घडते? कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात उल्लास कारंत आणि मेल्व्हिन सनक्विस्ट या शास्त्रज्ञांनी वाघ, बिबटे आणि रानकुत्री काय मारून खातात याचा बारकाईने अभ्यास केला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. (ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांचे हे चिरंजीव.) त्यात असे दिसले की, वाघ मोठी जनावरे निवडून मारतो आणि गवा ही त्याच्या पसंतीची शिकार आहे. पूर्ण वाढलेले गवेही त्यातून सुटत नाहीत.

आता चंद्रपूरकर मिसळीच्या ऑर्डरसाठी उठला. त्यालाही मी खाली बसवले. कारण मला जावा बेटाची हकीकत सांगायची होती.

जावा बेटावरील राजांच्या दरबारी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत वाघ आणि रेडा यांच्या झुंजी लावीत. स्टॅम्फर्ड रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जावाच्या इतिहासात त्यांचे वर्णन आहे. भक्कम लाकडी पिंजऱ्यात दोन्ही जनावरे सोडीत. ती आपणहून लढायला तयार नसत, म्हणून रेड्याच्या अंगावर मिरचीचे कढत पाणी ओतीत, झोंबणारा पाला चोळीत. वाघाला काठ्यांनी टोचीत आणि आग दाखवून उठवीत. प्रकार क्रूरपणाचा, यात शंका नाही. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचा निकाल महत्त्वाचा आहे. या झुंजी बहुतेक वेळा रेडा जिंकत असे! इतिहासकार सांगतात की, जावाचे लोक रेडा म्हणजे आपण आणि वाघ म्हणजे डच असे मानीत. समोर बसलेल्या डच पाहुण्यांसमक्ष रेडा जिंकला की त्यांना मनातल्या मनात किती आनंद होत असेल, याची कल्पना करा.

जावाचा वाघ आपल्या वाघापेक्षा बराच लहान असे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. (ती जात आता पृथ्वीतलावर उरलेली नाही.) पण सारा फरक एवढ्याने पडत नाही. पिंजऱ्यात काय झाले ते पाहा. वाघाचे सुळे तेच होते, नखे तीच होती. मात्र दबा धरायला गवत नव्हते, आड नव्हते, आणि मागून येण्याची सोय नव्हती. रेड्याला वाघ सतत समोर दिसत होता. आपण वाघाच्या हत्यारांची यादी केली तेव्हा सुळे लिहिले, नखे लिहिली, आणि जंगल लिहायचे राहिले. राजाने नेमके तेच हत्यार काढून घेतले होते.

आणि रेड्याला मात्र त्याने एक नवे हत्यार दिले होते : पिंजऱ्याची भिंत. मोकळ्या रानात धडक बसली तर वाघ दूर फेकला जातो. गव्याचा किंवा रेड्याचा संवेग मग पुरताच त्याच्या देहात थांबत नाही. काही भाग वाघाला उडवण्यात जातो आणि तेवढ्याने त्याच्या बरगड्या वाचतात. मागे भिंत असली तर उडायला जागाच नाही. समोरून येणारे सारे धूड त्याच्याच अंगावर थांबायचे. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो; हात भिंतीला टेकवून कोणी झेल घेतो का?

म्हणजे तीच दोन जनावरे, तीच हत्यारे आणि उत्तरे मात्र दोन. तुम्ही म्हणाल, हे कसले शास्त्र? पण विचार करा. ‘एक दगड फेकला, तो कोठे पडेल?’ असा प्रश्न मी परीक्षेत घातला तर तुम्ही काय कराल? ‘किती वेगाने फेकला, कोणत्या कोनात, कोठून, हे सांगा’ असे म्हणाल. न्यूटनचे नियम पाठ असून भागत नाही. सुरुवातीची स्थिती ठाऊक नसेल तर तेच नियम मुके राहतात. माझ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न या दगडाच्या प्रश्नासारखा होता. अंतर किती, वाघ दिसला की नाही, गवत किती उंच, गवा एकटा की कळपात, सोबत वासरू आहे का, पळायला वाट आहे का, वाघ किती दिवसांचा उपाशी, यातले काहीच दिलेले नव्हते. गणित अवघड नव्हते, अपुरे होते.

आणखी एक शब्द त्यात धूसर होता : ‘जिंकणे’. वाघाला गवा मारायचा आहे. गव्याला मात्र वाघ मारायचा नाही, त्याला जिवंत राहायचे आहे. वाघाच्या शिकारीचे दहा-वीस प्रयत्न होतात तेव्हा कोठे एखादा साधतो. फसलेल्या प्रयत्नात त्याचे एका जेवणाचे नुकसान होते. परंतु त्याचा पाय मोडला किंवा सुळा तुटला तर पुढच्या सगळ्याच जेवणांवर पाणी. म्हणून गव्याला वाघापेक्षा बलवान असण्याची गरज नाही. आपल्यावर झडप घालणे फार महाग पडेल, एवढे वाघाला पटवले की पुरे.

हा सौदा सर्वांत चांगला साधला आहे तो साळिंदराने. वजन पंधरा किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाघाच्या एका जेवणाहूनही कमीच. साळिंदर काटे फेकून मारते असे पुष्कळ लोक अजून सांगतात. ते खोटे आहे. ते पाठ फिरवते, काटे ताठ करते, खुळखुळवते आणि शत्रू फारच जवळ आला तर उलटे त्याच्यावर धावते. पण काटा आत शिरण्यासाठी लागणारे बल बहुतांशी शत्रूच पुरवतो! वाघाने पंजा मारला की, पंज्याचा वेग आणि वस्तुमान हेच काट्यामागचे हातोडे होतात. जितका जोराचा फटका, तितका काटा खोल. तिसऱ्या नियमाचा इतका धूर्त उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. उत्तर अमेरिकेतील साळिंदराच्या काट्यांच्या टोकांना सूक्ष्म आकडे असतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, या आकड्यांमुळे काटा जवळजवळ निम्म्याच बलाने मांसात शिरतो. दातेरी सुरीने पाव सहज कापला जातो, तसेच हे आहे. आपल्या साळिंदराच्या काट्यांना असे आकडे नसतात, पण त्याचे काटे जाड आणि लांब असतात.

त्या सौद्याचा परिणाम कोठवर जातो, याचे एक उदाहरण जिम कॉर्बेट यांच्या १९४४ साली निघालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या पुस्तकात आहे. मुक्तेसर येथील एका वाघिणीची साळिंदराशी गाठ पडली. त्यात तिचा एक डोळा गेला आणि उजव्या पुढच्या पायात व पंज्याखाली पन्नासेक काटे रुतले. काही इंचभर, काही नऊ इंच लांब. त्यांतले काही काटे हाडाला लागून इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात उलटे वळले होते. (मीटरपट्टी जमिनीवर उभी धरून वरून दाबा, म्हणजे टोक पुढे जायला वाव नसला की काय होते ते दिसेल.) त्या पायाने तिला शिकार करणे शक्य राहिले नाही. ती गवतात जखमा चाटत पडलेली असताना एक बाई नेमकी तेथेच गवत कापीत आली. कॉर्बेट यांनी तिला मारीपर्यंत या वाघिणीने २४ माणसांचे बळी घेतले होते. साळिंदर आणि वाघीण यांच्या त्या लढाईत कोण जिंकले, ते तुम्हीच ठरवा.

साप-मुंगसाच्या लढाईबद्दलही आपल्या समजुती अशाच अर्धवट असतात. मुंगूस कसलीशी मुळी हुंगून येते म्हणून त्याला नागाचे विष बाधत नाही, असे लहानपणी मलाही सांगितले होते. मुळीबिळी काही नाही. नागाच्या विषातील एक प्रथिन आपल्या स्नायूंवरील ग्राहकांना जाऊन चिकटते, मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही आणि श्वास थांबतो. हे कुलूप-किल्लीसारखे आहे. मुंगसाच्या कुलपाची घडण किंचित वेगळी असल्यामुळे विषाची किल्ली त्यात नीट बसत नाही. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे १९९२ मध्ये दाखवून दिले. रस्त्यावर जमलेल्या घोळक्याला चपळाईची लढाई दिसे. निम्मी लढाई रेणूंच्या पातळीवर होऊन गेलेली असे.

चंद्रपूरकराने मग ताडोबाची एक लढाई काढली. २०१८ च्या फेब्रुवारीत तेथील एका पाणवठ्यावर पिलासह आलेल्या अस्वलीवर वाघाने हल्ला केला. पर्यटकांनी तो टिपलेला असल्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अस्वलीचे वजन वाघाच्या निम्मे. तिची नखे बोटभर लांब, पण ती वारुळे उकरण्यासाठी असलेली. म्यान नाही, म्हणून धारही नाही. आपल्या मघाच्या कोष्टकात तिचा प्रत्येक आकडा वाघापेक्षा कमी भरतो. लांब दाट केसांमुळे वाघाला पकड मिळणे अवघड जाते, ही एक गोष्ट तिच्या बाजूची. आणि मागे पिलू होते. वाघाने तिला खाली दाबले, जखमी केले, तरी ती पुन्हा उठून अंगावर गेली. अखेर वाघाने नाद सोडला. सौदा महाग पडू लागला होता.

सुरुवातीच्या स्थितीत ‘पळायला वाट आहे का’ असे एक कलम मी मघाशी लिहिले. ते सहज लिहिलेले नव्हते. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात, कोथरूड भागात, एक गवा शिरला. वाट चुकून आलेला. बंगल्यांच्या भिंती, लोखंडी फाटके, मोटारी आणि पाहायला जमलेली शेकडो माणसे. काही तास तो या गल्लीतून त्या गल्लीत पळत राहिला, धडका घेत राहिला. त्याला पकडण्यात आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो मेला. त्या दिवशी त्याच्यावर ना सुळा उगारला गेला, ना नख. माणसांनी त्याच्याशी झुंज घेतली नव्हती, नुसती गर्दी केली होती.

हे बोलणे चालले असताना राधानगरीकर बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, “सर, आमच्याकडे उसात गवा येतो. अंधार पडल्यावर बांधावर समोर दिसला तर आजोबा सांगतात, ओरडायचं नाही, बॅटरी डोळ्यांवर मारायची नाही, कुत्रं सोडायचं नाही. पहिल्यांदा बघायचं की त्याच्यात आणि रानात आपण उभे तर नाही ना. असलो तर गपचूप बाजूला व्हायचं. वाट मोकळी दिसली की तो जातो.”

“आणि नसली तर?” चंद्रपूरकराने विचारले.

“तर मग तुझं ते ४०,००० जूल,” तो म्हणाला.

पैज सुटली नाही. मिसळीचे पैसे मीच दिले.